घरात कोणी नाही, आम्ही बायकाच

कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल. ज्यांची भांडी अजून राहिली असतील त्यांनी घासता घासता ऐकलं तरी चालेल.

मी राजापूर तालुक्यातली. २०१० साली लग्न होऊन या वाडीत आले. बी.ए. झालेली होते, म्हणून आल्या आल्या वाडीतल्या बायकांचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मग बचत गटाचं रजिस्टर आलं, आणि आता मी आसपासच्या गावांतल्या गटांची समन्वयक आहे. आज मी बचतीवर किंवा कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार नाही. आज माणसं मोजण्यावर बोलायचं आहे.

गोष्ट २०११ च्या फेब्रुवारीतली आहे. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भाजावळीचे दिवस होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, रानातून कवळाचा भारा घेऊन नुकत्याच खळ्यात आल्या होत्या. जनगणनेचे गुरुजी फाईल घेऊन आले आणि त्यांनी बाहेरूनच विचारलं, "घरात कोणी आहे का?" आईंनी भारा खाली टाकला, पदराने घाम पुसला आणि सांगितलं, "कोन नाय ओ. आमी बायकाच हाव."

गुरुजी हसले, पडवीत बसले. कुटुंबप्रमुख कोण, असं विचारल्यावर आईंनी माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं. तो होता मुंबईला. गुरुजी म्हणाले, "मावशी, जो इथे राहत नाही त्याचं नाव नको. घर कोण चालवतं ते सांगा." आईंना उत्तर सुचेना. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" आई म्हणाल्या, "काम कसलं? घरातच असते की." त्यांच्या हाताला अजून चीक आणि माती होती. मी दाराआड उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मैत्रिणींनो, त्या एका संध्याकाळी आईंनी तीन गोष्टी सांगितल्या. घरात कोणी नाही, घराला प्रमुख नाही आणि घरात काम करणारं कोणी नाही. तिन्ही गोष्टी खोट्या होत्या, आणि आपल्या घराघरांतून त्या अशाच सांगितल्या जातात.

आता त्या मोजणीतून काय निघालं ते बघू. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जवळजवळ १६ लाख ९७ हजार माणसं होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार झाली. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आला. दोन्ही जिल्ह्यांची मिळून दहा वर्षांत एक लाख माणसं कमी झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र दीड कोटीने वाढला. तेव्हाचा अख्खा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली, सगळं त्यात आलं. आपली माणसं कुठे गेली हे वेगळं शोधायला नको. आपण तिकडे तांदूळ, कोकम आणि फणसाची साठं पाठवतोच.

दुसरा आकडा बायकांचा आहे. महाराष्ट्रात २०११ साली हजार पुरुषांमागे ९२९ बायका होत्या. रत्नागिरीत १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६. हजाराच्या वर असणारे राज्यात हे दोनच जिल्हे. यावर भाषणं होतात, कोकणात मुलींना मान आहे म्हणून. मान असेल, पण तो या आकड्यातून दिसत नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा बघा. रत्नागिरीत हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. राज्यापेक्षा बऱ्या, पण मुलग्यांपेक्षा कमीच. म्हणजे लहानपणी मुलगे जास्त आणि मोठेपणी बायका जास्त. मधल्या काळात मुलगे मुंबईच्या गाडीत बसले, एवढाच त्याचा अर्थ.

हे आजचं नाही. मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून रत्नागिरीचा गडी बोटीने मुंबईला जात आला. पुरुष तिकडे, बायको-पोरं इकडे आणि मधे पोस्टमनची मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव मोडलं. तेव्हा काहीजण गावी परत आले, पण फार दिवस राहिले नाहीत. इथे भात पिकतं ते वर्षभर पुरत नाही आणि रोकड देत नाही. मग पुढची पिढी सिक्युरिटीत, हॉटेलात, कुरिअरमध्ये, कंपनीत गेली. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. गावाला माणसं येणं सोपं झालं आणि जाणंही.

पण एक बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे. पूर्वी पुरुष जायचा आणि बायको राहायची. आता लग्न झालं की वर्षा-दोन वर्षांत बायकोही जाते, कारण मुलांना शाळा तिकडे बरी मिळते. हेही आकड्यांत दिसतं. रत्नागिरीतलं बायकांचं प्रमाण २००१ ला १,१३६ होतं, ते १,१२२ झालं. सिंधुदुर्गात १,०७९ होतं, ते १,०३६ झालं. म्हणजे आता बायकाही निघाल्या. मागे कोण राहतं? म्हातारी माणसं, आणि त्यांना सोडून जाता येत नाही अशा सुना. मी त्यातलीच एक.

जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. माझी मुलगी सातवीत आहे. दहावीनंतर काय, हा प्रश्न आमच्याही घरात रोज रात्री फोनवर निघतो. मी इथेच राहीन अशी शपथ मला घेता येत नाही. पण राहते आहे तोवर मी इथे आहे, एवढं तरी कागदावर असावं.

कागदावर असण्याने काय होतं, तेही सांगते. सरकारच्या बऱ्याच सोयी डोकी मोजून येतात. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशाताई. डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र. चारशे ते आठशे वस्तीमागे एक अंगणवाडी. १५व्या वित्त आयोगाने गावांसाठीचा पैसा राज्याराज्यांत वाटला, त्यात ९० टक्के वजन २०११ च्या लोकसंख्येला दिलं आणि १० टक्के क्षेत्रफळाला. डोकी कमी झाली की सगळंच आखडतं. पण डोंगर काही कमी होत नाही. हजार माणसं एका जागी राहत असतील तर आशाताईचं काम अर्ध्या दिवसाचं. आमच्याकडे तेवढ्याच माणसांसाठी तिला नऊ वाड्या आणि दोन ओढे पार करायला लागतात.

गंमत म्हणजे मतदार यादीत आमचं गाव अजून मोठं आहे. मुंबईकरांची नावं तिथे तशीच आहेत. ग्रामसभेच्या कोरमला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांतला जो कमी आकडा असेल तेवढी माणसं लागतात. मतदार यादी धरून आमचा आकडा होतो नव्वदच्या पुढे, आणि गावात चालती-फिरती माणसं शोधायची म्हणजे घरोघरी हाका मारायला लागतात. एकच गाव मतांसाठी मोठं आणि सोयींसाठी लहान.

हे सगळं मलाही आधी सुचलेलं नव्हतं. ते सुचलं एका रात्री.

आमची वाडी रस्त्यापासून खाली आहे. गाडीरस्ता वर, आणि वाडीत उतरायला चिऱ्यांची पाखाडी. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. एका घरात एकट्याच राहणाऱ्या काकी न्हाणीत घसरून पडल्या. खुबा मोडला होता. १०८ ला फोन लावला. गाडी येणार ती वरच्या रस्त्यावर. काकींना पाखाडीने वर न्यायचं कसं? सगळ्या जमल्या, कंदील, बॅटऱ्या आल्या, आणि जो तो एकच म्हणत होता, "माणसं बोलवा, माणसं बोलवा."

मी आजूबाजूला बघितलं. आम्ही अकराजणी उभ्या होतो. तीन म्हातारे होते. माणसं म्हणजे पुरुष, आणि पुरुष नव्हते. दोघे रात्रपाळीला राजापूरला गेलेले, एक बोटीवर. शेवटी आमच्या आईच ओरडल्या, "कोनाला बोलावताव? धरा!" प्लॅस्टिकची खुर्ची आणली. काकींना चादरीने खुर्चीला बांधलं आणि चौघी-चौघींनी पाळीपाळीने उचललं. पाखाडीच्या त्या पायऱ्या मी रोज चढते, पण त्या रात्री त्या संपता संपेनात. निम्म्या वाटेवर बागेतला नेपाळी गडी धावत आला आणि त्याने एक बाजू धरली. काकी वाचल्या. आता काठी घेऊन चालतात.

दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत बचत बाजूला राहिली. एकजण म्हणाली, "काल आपण होतो म्हणून निभावलं. आणखी पाच वर्षांनी कोण असेल?" कोणी बोलेना. मग मी म्हटलं, आधी आज कोण आहे ते तरी लिहू या.

अशी आमची मोजणी सुरू झाली. फार काही केलं नाही. रजिस्टरच्या मागच्या पानांवर रकाने आखले. घर उघडं की कुलपात, घरात वर्षातले निदान सहा महिने राहणारी माणसं किती, त्यांची वयं, एकटं कोण राहतं, गोळी-औषध कोणाला चालू आहे आणि पाणी कुठून आणतात. दोघीदोघींनी मिळून चार संध्याकाळी फिरलो.

पहिला वाद नेपाळ्यांवरून झाला. कलमांच्या बागेत राखणीला दोन भाऊ आहेत, सहा वर्षं बायका-पोरांसकट बागेतल्या खोपींत राहतात. काहीजणी म्हणाल्या, ती काय आपली आहेत? उद्या मालकाने काढलं तर जातील. यावर काकीच बोलल्या, खुर्चीतून गेलेल्या. म्हणाल्या, "माजा मुलगा म्हायनाभर सुट्टी काढून येतो, त्याला आपला म्हनायचा. आनि ह्यो बारा म्हयने हितं हाय, माज्या खुर्चीला हात लावलान, तो परका?" वाद तिथेच संपला. त्यांची आठ माणसं आमच्या पानावर आली.

आता आमची वाडी ऐका. घरं एक्केचाळीस, त्यांतली सतरा कुलपात. राहणारी माणसं बागेतल्या आठजणांसह त्रेसष्ट. साठीच्या पुढची एकोणतीस. अठराच्या आतली मुलं नऊ, त्यांतली चार बागेतली. अठरा ते साठ वयाच्या बायका सतरा आणि पुरुष आठ. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पाच.

हे पान वाचलं तेव्हा बैठकीत शांतता झाली. आम्ही इथेच राहतो, एकमेकींच्या घरी रोज जातो, तरी हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही अजून गणपतीतली वाडी डोळ्यांसमोर ठेवून चालत होतो. तेव्हा सगळी दारं उघडी असतात, सगळ्या घरांत दिवे असतात आणि माणूस मावत नाही. मागण्याही त्याच वाडीसाठी करत होतो. त्या वर्षी मुंबई मंडळाने देवळाला सभामंडप आणि वाडीच्या तोंडाला कमान बांधायचं ठरवलं होतं. वर्गणीही चांगली जमली होती. मुंबई मंडळाचे उपकार आहेत. शाळेचे पत्रे त्यांनी घातले, पहिला नळ त्यांनी आणला. पण कमान पंधरा दिवसांच्या पाहुण्यांना दिसते. बाकीचे साडेअकरा महिने एकोणतीस म्हातारी माणसं कठडा नसलेल्या पाखाडीने चढतात-उतरतात.

आम्ही ते पान घेऊन ग्रामसभेला गेलो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, असं कायद्यात आहे. आमच्याकडे ती बहुतेक वेळा सह्यांपुरती होत असे. या वेळी आम्ही तिथे बसलो, पान वाचलं आणि ठराव लिहून घेतला. तीन मागण्या केल्या: पाखाडीला एका बाजूने लोखंडी कठडा आणि मधे दोन दिवे, विहिरीवर रहाट दुरुस्त करून बसायला धक्का, आणि महिन्यातून एकदा वाडीतच रक्तदाब-साखर तपासणी. ग्रामसेवक भाऊंनी आधी विचारलं, हे आकडे कुठले? मी म्हटलं, आमचेच आहेत, वाडीत येऊन पडताळून बघा. ते खरंच आले आणि दोन घरं बघून गेले.

मिळालं काय? सगळं नाही. कठडा विकास आराखड्यात गेला आणि दीड वर्षाने झाला, तोही अर्ध्या पाखाडीला. एक दिवा लागला. उपकेंद्राच्या ताई दर महिन्याला यायचं कबूल करून गेल्या. पावसाळ्यात चुकतं, पण एरवी येतात. विहिरीचं काम अजून तसंच आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी झालं की आजही म्हाताऱ्या खाली उतरतात. स्ट्रेचर मात्र आम्ही गटाच्या पैशातून घेतलं. ते काकींच्या पडवीत टांगलेलं असतं.

मुंबई मंडळाशी थोडं वाजलं. गणपतीत बैठक झाली. एक भाऊ म्हणाले, "पैसे आम्ही देतो, आणि हिशोब बायका मांडतात." आमच्या अध्यक्ष ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आईची गोळी कितीची आहे, सांगा बघू." त्यांना सांगता येईना. ताईंनी सांगितलं, वेळही सांगितली. कमान झाली, पण सभामंडप थोडा लहान केला आणि उरलेल्या पैशांतून पाखाडीच्या वरच्या टोकाला शेड आणि बाक झाला. आता म्हातारी माणसं तिथे एसटीची वाट बघत बसतात. मुंबईकरही तिथेच टेकतात.

शाळेचंही त्या पानावरून समजलं. आमची शाळा दोन वाड्यांची, पट अकरा. कमी पटाच्या शाळांचं काय करायचं याची चर्चा राज्यात सारखी चालू असते आणि आमच्या पोटात गोळा येतो. त्या अकरांतली चार मुलं बागेतली आहेत. ती नसती तर पट सातवर आला असता. ज्यांना आम्ही मोजायचं की नाही म्हणत होतो, त्यांच्या पोरांमुळे आमच्या पोरांची शाळा उभी आहे. आता ती मुलं मराठीत भांडतात. त्यांच्या आया गटात याव्यात म्हणून बोलणं चाललं आहे. एरवीही गटाला दहा बायका लागतात, अवघड भागात पाचांचाही चालतो. वाड्या अशा रिकाम्या होत गेल्या तर पाचजणी जमवतानाही दमछाक होईल.

आता मुख्य मुद्द्यावर येते. २०२१ ची जनगणना करोनामुळे झाली नाही. आता २०२७ ची जाहीर झाली आहे. २०२६ मध्ये घरांची यादी होईल आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. फेब्रुवारीत आपले चाकरमानी येत नाहीत. गेल्या वेळी ९ ते २८ फेब्रुवारीत मोजणी झाली आणि शिमगा आला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. पालखी नाचवायला आलेली माणसं त्या मोजणीत नव्हती. २०२७ मध्येही शिमगा मार्चच्या उत्तरार्धातच आहे. त्यामुळे तेव्हा दार उघडायला बहुतेक घरांत आपणच असणार.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. लिहून ठेवल्यात तर उत्तम.

पहिली गोष्ट कुटुंबप्रमुखाची. नवरा किंवा मुलगा मुंबईला राहत असेल आणि घराचा कारभार तुम्ही बघत असाल, तर कुटुंबप्रमुख म्हणून तुमचं नाव सांगा. हा आगाऊपणा होत नाही. मोजणी करणाऱ्यांना सूचनाच तशी असते की प्रमुख बाईही असू शकते, आणि नावाचा प्रमुख तिथे राहत नसेल तर जी व्यक्ती त्या वेळी घर सांभाळते तिला प्रमुख धरायचं. यामुळे जमीन किंवा घर तुमच्या नावावर होत नाही, हेही समजून घ्या. त्याचे रस्ते वेगळे आहेत. नवऱ्याने तहसील कार्यालयात अर्ज केला तर सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. गणपतीत नवरा घरी आला की मोदकांच्या आधी अर्जावर सही घ्या.

दुसरी गोष्ट कामाची. "घरातच असते" हे उत्तर देऊ नका. आपल्या शेतात केलेलं काम, मजुरी मिळत नसली तरी, जनगणनेत काम म्हणून धरतात. दूध घरातच संपत असलं तरी गायी-म्हशींचं केलेलं काम धरतात. तुम्ही लावणी करता, काजू वेचता, कोकमं फोडता, गटातून पापड-पीठ विकता. वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम असेल तर तसं सांगा, कमी असेल तर तसं सांगा. पण काम करते, हे सांगा.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. आपल्याकडचे गिरणी कामगार मुंबईत जेवायचे कुठे? खानावळीत. दहा बाय दहाच्या खोलीत एकेक बाई पंधरा-वीस माणसांचं जेवण करायची. घरातच स्वयंपाक करते म्हणून तिला कामगार कोणी म्हणायचं नाही आणि बँक दारात उभी करायची नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं. त्या आधी एकत्र आल्या आणि मग आपलं काम काम म्हणून मांडलं. आज आपण गटात बसून बँकेचं पासबुक उघडतो, त्याच्या मागे अशा कितीजणी आहेत.

तिसरी गोष्ट खरेपणाची. गाव मोठं दिसावं म्हणून मुंबईच्या माणसांची नावं इथे लावू नका. ती माणसं तिकडे मोजली जाणार आहेत आणि तिकडे त्यांनाही पाणी, दवाखाना लागतोच. आणि इथे राहणारी सगळी नावं द्या: अंथरुणावरची आजी, माहेरी कायमची परत आलेली बहीण, बागेतली नेपाळी माणसं, चिऱ्यांच्या खाणीवरची कर्नाटकातली कुटुंबं. मोजणारे गुरुजी त्या खोपीपर्यंत पोचले का, एवढं बघा. नसतील पोचले तर वाट दाखवा. या वेळी मोबाइलवर स्वतः माहिती भरायचीही सोय आहे. घरातलं कोणी भरणार असेल तर पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या.

चौथी गोष्ट आपल्या गटाची. सरकारची मोजणी दहा वर्षांनी येते, कधी सोळा वर्षांनीही. आपण आपली दरवर्षी करू शकतो. एक वही, सात-आठ रकाने, चार संध्याकाळी. शिमग्यानंतर, पावसाआधी करा, म्हणजे खरी राहणारी माणसं सापडतात. औषधांची आणि आजारांची माहिती जपून ठेवा, ते पान गावभर फिरवू नका. बाकीचे आकडे महिला सभेत मोठ्याने वाचा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि मुलांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर करायचा हे तुमच्या वहीत असेल, तर शिलाई मशीनचं वाटप करून विषय संपवता येणार नाही.

मुंबईला गेलेलं माणूस परत येईल की नाही, हे आपल्या हातात नाही. गाव पुन्हा पूर्वीसारखं भरेल, असं मी म्हणत नाही. पण त्रेसष्ट माणसांची वाडी हीसुद्धा वाडी आहे. तिला दिवा लागतो, पाणी लागतं, आजारपणात चार हात लागतात. जी माणसं आहेत त्यांच्या मापाचं गाव करायला हवं, आणि त्यासाठी आधी माप घ्यायला हवं.

आमच्या आई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. परवा मी हे भाषण लिहीत होते तेव्हा शेजारी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी गमतीने गुरुजींसारखा आवाज काढून विचारलं, "घरात कोणी आहे का?" त्या वर न बघता म्हणाल्या, "हाय की. आमी हाव." मी विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" त्या थोडं थांबल्या, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तू लिव माजा नाव. पन माज्या खाली तुजा लिव, न्हायतर तू जाशील मुंबईला."

यावर मला काही उत्तर देता आलं नाही. मी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली माझं लिहिलं.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. रजिस्टरचं मागचं पान उघडा आणि आपल्या वाडीतली उघडी घरं मोजा. तिथून पुढचं सुचत जातं.